झिपरीच्या मानेवरची उघडी जागा

ज्यासाठी हे लिहायला बसले ते आधीच सांगून टाकते. पिल्लांना पाजणाऱ्या कुत्रीचे केस गळायला लागले, अंगाला खाज सुटली, तर शेतात फवारायचं औषध तिच्या अंगावर टाकू नका. थोडंसंही नाही, पाणी मिसळूनही नाही, 'आमच्या आजानं टाकलं होतं, काही नाही झालं' म्हणूनही नाही. बाकीचं वाचायला वेळ नसेल तर एवढं वाचून कागद ठेवून दिला तरी चालेल. मला राग आहे आणि लिहिताना तो मी लपवणार नाही. गोड बोलून पाहिलं होतं. त्याचं काय झालं ते पुढे येईलच.

मी वनिता. आर्णीजवळच्या एका तांड्यात राहते. घरी शिलाई मशीन आहे, ब्लाऊज आणि शाळेचे ड्रेस शिवते. नवरा प्रकाश शेती करतो. तिसरी माझी सासू. तिला सगळे याडी म्हणतात, आमच्या गोरबोलीत याडी म्हणजे आई. घरात आम्ही गोरबोली बोलतो, पण भांडण वऱ्हाडीत होतं, कारण शेजाऱ्यांनाही समजलं पाहिजे.

आणि झिपरी. काळी-तपकिरी, मानेवर एवढे दाट केस की पिल्लू असताना तिचे डोळे शोधावे लागायचे. प्रकाशनंच तिला आणलं आणि त्यानंच नाव ठेवलं. तुरीत रानडुक्कर शिरलं की ही एकटी त्याला बांधापार हाकलते. प्रकाश बांधावर बसला की ती त्याच्या पायावर हनुवटी टेकून पडायची. हे मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण पुढे लागणार आहे.

चार नर, दोन माद्या

दिवाळी झाली, तुरीला फुलं आली आणि झिपरी व्याली. चुलीसाठी रचून ठेवलेल्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या, आडोशाला सहा पिल्लं. चार नर, दोन माद्या. पिल्लांचे डोळे उघडायच्या आधी चारही नर लोकांनी सांगून ठेवले. आमच्या भागात डुकरांनी वावरं उकरून टाकली आहेत, त्यामुळे राखणीच्या कुत्र्याला मोठी मागणी. त्यातही नरच पाहिजे, नर डुकराला भारी पडतो म्हणे. आमच्या वावरातली डुकरं कोण हाकलते, असं मी विचारलं तर सगळे हसले. हसून विषय संपवायची पुरुषांची सवय तुम्हाला माहीत असेलच.

सगळ्यात आधी आला तो गजानन, नवऱ्याचा बाजूच्या गावातला दोस्त. त्यानंच शहाणपण शिकवलं. माद्यांना टोपलीखाली झाकून ठेवायचं, नर पिल्लांना मागच्या भरल्या आचळांना लावायचं, त्यांचं पोट भरलं की मग उरलंसुरलं माद्यांना. नवऱ्यानं ते ऐकलं. रोज सकाळ-संध्याकाळ टोपली पालथी पडायची आणि आतून दोघींचं कुईकुई सुरू व्हायचं. तो वावरात गेला की मी टोपली उचलायची. तो घरी असला की भांडायची. चार जण पिल्लं बघायला येत, हातात घेऊन पंजे दाबून बघत. त्या चारांपैकी एकानंही पिल्लांच्या आईसाठी भाकरीचा तुकडा आणला नाही. आयजीच्या जिवावर बायजी उदार ही म्हण मला लहानपणापासून पाठ होती, तिचा अर्थ या दिवसांत कळला.

मग केस जायला लागले. आधी कुशीवरचे. याडी म्हणाली, बाळंतीण आहे, जातातच. तसं होतंही, बाळंतिणीच्या कंगव्यात केसांचा गुंता येतोच. काही कुत्र्यांचे केस पिल्लं झाल्यावर झडतात आणि आपोआप परत येतात, हे मला नंतर दवाखान्यातही सांगितलं. पण झिपरीचं तेवढ्यावर थांबलं नाही. डोळ्यांभोवती गोल उघडे पडले, मग कोपरं, मग पोट. कातडी लाल, वर खपल्या, आणि एक आंबूस वास. पाजता पाजता ती उठून खाजवायची आणि आचळाला लागलेली पिल्लं खाली टपाटप पडायची. बरगड्या मोजता येतील अशी झाली होती.

तेव्हापासून दारावरून जाणारा प्रत्येकजण वैद्य झाला. कोणी म्हणे मिठाचं पाणी, कोणी म्हणे गंधक, एक बाई तर म्हणाली दूर नेऊन सोडून द्या, घरात लेकरं येतात-जातात. रोडवर सलीमभाईंचं गॅरेज आहे, त्यांनी चांगल्या मनानं गाडीच्या जळक्या ऑइलचा डबा आणून दिला. गावोगावी खरजेल्या कुत्र्यांना तेच चोपडतात. मी म्हटलं, भाई, हिच्या पोटाला पिल्लं लागतात, हे त्यांच्या तोंडात नाही का जाणार? 'ये तो सोचाच नहीं भाभी,' म्हणाले. डबा मी पऱ्हाटीमागे ठेवून दिला.

दुर्बिणीतलं

दवाखान्यात न्यायला निघाले तर काळी-पिवळी जीपवाल्यानं झिपरीकडे बघून गाडी थांबवलीच नाही. शेवटी सलीमभाईंनी त्यांची मालाची तीनचाकी काढली. त्यांच्या घरात कुत्र्याला हात लावत नाहीत, हे मला माहीत होतं. त्यांनी मागे पोतं अंथरलं, मला आणि झिपरीला बसवलं, आणि परत आल्यावर गाडी धुऊन घेतली. कधी तोंडातून शब्द काढला नाही.

जनावरांच्या दवाखान्यात शेळ्या आणि गायी. बाकावरचा एक म्हातारा सरकून दूर बसला. डॉक्टर मॅडम मात्र सरळ झिपरीच्या तोंडाशी बसल्या. ब्लेडनं कातडी जराशी खरवडली, काचेवर घेतली, दुर्बिणीखाली धरली आणि मला म्हणाल्या, बघा. एवढ्याशा गोलात काहीतरी लांबट वळवळत होतं.

मला वाटलं, आता आजाराचं मोठं नाव सांगतील. त्यांनी विचारलं, 'हिला खायला काय देता?'

भाकर, मी म्हटलं.

'किती?'

या प्रश्नाचं उत्तर आमच्या घरात कोणाजवळच नव्हतं. सगळ्यांचं जेवण झालं की जे उरेल ते. कधी दीड, कधी अर्धी, कधी नुसतं भाताचं पाणी. मी तसं सांगितलं.

'हे किडे थोडेफार बऱ्याच कुत्र्यांच्या अंगावर असतात. अंगात ताकद असली की ते वाढत नाहीत. ही सहा जणांना पाजते आणि उरलेलं खाते. हिला खरूज नंतर झाली, उपासमार आधी झाली.'

मला शरम वाटली. आणि शरमेपेक्षा जास्त राग आला, कारण मॅडमनं जे एका नजरेत पाहिलं ते आम्ही तिघं रोज ओलांडून जात होतो. हा प्रकार माणसांना लागत नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं, ते इथे लिहून ठेवते. पिल्लं पीत आहेत तोवर जोराची औषधं देता येणार नाहीत. जखमांसाठी हलक्या गोळ्या, ठरलेलं आंघोळीचं औषध, आणि बाकी सगळं पोटातून. अंडी, वरण-भात, दूध. महिने लागतील, म्हणाल्या. आणि मग माझ्याकडे नीट बघून बोलल्या, घरचं काहीही अंगावर लावायचं नाही. तेल नाही, ऑइल नाही, फवारणीचं तर अजिबातच नाही.

हे वाक्य मी जसंच्या तसं घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो चपला काढत होता. 'बरं,' म्हणाला. संध्याकाळी परत सांगितलं. परत 'बरं.'

अंड्याचं भांडण

आजारी माणसाच्या घरात आजारापेक्षा जास्त त्रास घरच्यांचा होतो, हे मी प्रकाशच्या दुखण्यात शिकले होते. झिपरीच्या वेळी उजळणी झाली. पहिल्या दिवशी उकडलेलं अंडं कुस्करताना याडी दारात येऊन उभी राहिली. माणसाच्या ताटात अंडं कधी येते आणि कुत्रीच्या रोज काहून, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, माझ्या शिलाईतून आणते. मग तिनं माझ्याशी बोलणं बंद केलं आणि माझ्याबद्दल भिंतीशी बोलायला लागली. नवरा दोघींच्या मधून ताट घेऊन अंगणात जायचा.

पण झिपरी खायला लागली. भांडं वाजलं की शेपटी हलायची. कानामागच्या खपल्या सुकत होत्या. वास कमी झाला. केस काही आले नव्हते, उलट आंघोळीनं उरलेले गळून ती आणखीच वाईट दिसायला लागली होती. आजार हत्तीच्या पावलानं येतो आणि मुंगीच्या पावलानं जातो म्हणतात, ती मुंगी नुकती घरातून निघाली होती.

नेमका तेव्हा गजानन आला. झिपरीला बघून चार पावलं मागे सरकला. 'हे तं खरजेली हाय बे,' नवऱ्याला म्हणाला. 'पिल्लायले लागलं असन तं मले नको. बाकीच्यायलेबी सांगून देतो.' नवऱ्याचं तोंड उतरलं. त्यानं चौघांना शब्द दिला होता. या गावातल्या पुरुषांचा शब्द ही मोठी गोष्ट आहे. बायकोनं आणि डॉक्टरणीनं सांगितलेला मात्र शब्द नसतो, ती नुसती बडबड असते.

बाजाराच्या दिवशी

मी आर्णीला अस्तर आणि दोरे आणायला गेले होते. दुपार कलली तेव्हा परतले. आमच्या घराच्या वळणावरच तो वास आला. कपाशी-तुरीच्या भागात राहणाऱ्याला तो वास सांगावा लागत नाही, तो नाकातून जिभेवर उतरतो. वावराकडून येत असेल म्हणून मी चालत राहिले. पण वास वावराकडून नव्हता.

नवरा हौदाजवळ पाठीवरचा पंप विसळत होता. झिपरी लिंबाखाली पडलेली, मान आणि पाठ ओली. तिच्या ओल्या पोटाला चार नर पिल्लं लागलेली. माद्या टोपलीखाली.

तुरीवर मारून पंपात थोडं उरलं होतं, त्यात पाणी टाकून तिच्या मानेवरून ओतलं, असं तो सांगायला लागला. आवाजात लपवाछपवी काही नव्हती. उलट खूश होता, काम करून टाकल्यासारखा. तीन-चार दिवसांत कातडी साफ होईन, गजाननकडं असंच केलं होतं, म्हणाला. मी म्हटलं, मॅडमनं नाही सांगितलं होतं. तर म्हणाला, मॅडम पुस्तकातलं सांगते, सारा तांडा हेच करते.

मी झिपरीकडे वळले तेव्हा तिच्या तोंडातून लाळ गळत होती. तार लागली होती नुसती. उठायला गेली तर मागचे पाय बाजूला पडले. मांड्यांचं मांस आतून उडत होतं.

ही लाळ मी ओळखते. काही वर्षांपूर्वी कपाशीवर फवारून हाच माणूस घरी आला आणि याच लिंबाखाली कोसळला. असाच फेस, अशीच थरथर, डोळ्यातल्या बाहुल्या मोहरीएवढ्या. सरकारी दवाखान्याच्या वॉर्डात त्याचे हात खाटेला बांधावे लागले होते आणि मी पदरानं त्याचं तोंड पुसत बसले होते. बाजूच्या खाटांवरही फवारणीचेच लोक होते. त्यातले काही घरी गेले नाहीत. हे सगळं ज्यानं स्वतः भोगलं, त्यानं ते पाणी एका बाळंतिणीच्या अंगावर ओतलं.

मी ओरडले नाही. एवढंच म्हटलं, 'तुमी सोता या फेसातून वापस आले. तुमाले तं माईत होतं.'

त्याच्या हातातून पंपाची नळी सुटली.

वॉर्डातल्या नर्सनं तेव्हा आमच्यावर ओरडून सांगितलं होतं, आधी कपडे काढून साबणानं धुवायचं, मग दवाखान्यात आणायचं. ते माझ्या डोक्यात कोरलेलं होतं. हाताला पॉलिथीनच्या पिशव्या बांधल्या, कपड्याचा साबण घेतला आणि झिपरीला दगडावर घेऊन धुतलं. मग एकेका पिल्लाला. याडी न सांगता पाणी ओतत होती. नवरा सलीमभाईंकडे पळाला.

वाळलेलं तोंड

तीनचाकीत मी रडायला लागले तर सलीमभाई पुढूनच म्हणाले, 'भाभी, अभी पिल्लू संभालो. रोना बाद में.' तेवढ्यानं मी सावरले. तरी एक पिल्लू रस्त्यातच गेलं, माझ्या मांडीवर.

मॅडम वासावरूनच समजल्या. सुई दिली, थोडं थांबून परत सुई. झिपरीचं तोंड आतून वाळेपर्यंत देत राहावं लागतं, म्हणाल्या. मी तिच्या ओठाखाली बोट घालून बघत बसले, अजून ओलं, अजून ओलं. सलाईन लावली. एरवी शेळीवाल्यांनी भरलेला तो व्हरांडा रिकामा झाला. नवरा बाहेर पायरीवर बसून होता. आत ये, असं मी म्हटलं नाही.

संध्याकाळी झिपरीचं तोंड वाळलं. तोवर आणखी दोन पिल्लं गेली होती. चौथं सकाळी गेलं. मधली रात्र मी सांगणार नाही.

टोपलीतल्या दोघी माद्या ठणठणीत होत्या. त्या दिवशी त्यांना आचळाला लागूच दिलं नव्हतं. मॅडमनी विचारलं, या दोघी कशा काय वाचल्या? मी टोपलीचं सांगितलं. गजाननचं शहाणपणही सांगितलं. मॅडमनी दोघींना उचलून परत एकदा तपासलं.

कापसाची वात

पुढचे दिवस म्हणजे रोज सकाळी दवाखाना. पोतं, तीनचाकी, व्हरांडा, सुई, परत. पहिल्या दिवशी सरकून बसलेला तो म्हातारा आता आधी आम्हाला आत जाऊ द्यायचा आणि त्याच्या शेळीला म्हणायचा, थांब वं, हिचं लय झालं.

झिपरीचं दूध पिळून मातीत टाकायचं होतं. ते काम मी केलं आणि ते करताना प्रत्येक वेळी मनातल्या मनात चार माणसांना शिव्या दिल्या. पिल्लांना शेळीचं दूध पाजायचं. इतकं छोटं तोंड, बाटली जाईना. मग सरकी काढलेल्या कापसाची वात करून दुधात भिजवली, ती दोघी चोखायच्या. मॅडम हो म्हणेपर्यंत त्यांना झिपरीजवळ जाऊ द्यायचं नव्हतं. ती दाराच्या फटीतून त्यांचा वास घ्यायची. आणि पायात जोर आल्यावर सगळ्यात आधी पऱ्हाटीमागे गेली, ऑइलचा डबा बाजूला पाडला, माती उकरली, आत बघितलं, परत उकरलं. नर तिथे नव्हते. ती दोन दिवस तिथेच जाऊन बसायची. मी ब्लाऊज शिवता शिवता बघायची आणि सुई बोटात जायची.

नवऱ्याशी मी कामापुरतं बोलत होते. लोक म्हणाले, एका कुत्रीसाठी एवढं काय. कुत्रीसाठी नव्हतं ते. वॉर्डात त्याच्या उशाशी बसून मी ज्या माणसाला परत मागितलं होतं, त्या माणसाला त्या वॉर्डातलं काहीच आठवत नव्हतं, याचं होतं.

एका दुपारी याडी आपणहून बोलली, भिंतीशी नाही, माझ्याशी. तिच्या आजीच्या काळात आपली माणसं लदेणी करायची, म्हणजे बैलांवर धान्य-मीठ लादून गावोगाव न्यायची. वाटेत कुत्री व्याली तर एका बैलाचं ओझं हलकं करून पिल्लांसकट तिला वर बसवायचे. आणि मुक्कामाला चूल पेटली की पहिली भाकर तिची. कारण तळ राखायची ती. ती उपाशी तर तळ उघडा.

ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. मला राग आला.

'हे तुमाले माईत होतं याडी? अन् तुमी अंड्यासाठी माह्याशी भांडल्या?'

याडी उठून आत गेली. मला वाटलं, झालं, परत भिंत. थोड्या वेळानं चुलीवरून गुळाचा वास आला. बाळंतिणीला करतात तशी लापशी तिनं पितळीत काढली, फुंकून निववली आणि आमच्यापैकी कोणी जेवायच्या आधी झिपरीपुढे नेऊन ठेवली. स्वतः बाजूला उकिडवी बसली. झिपरीनं आधी तिच्या हाताचा वास घेतला, मग खाल्लं.

जे आलं, जे नाही आलं

केस आले. सगळ्यात आधी कानांच्या कडांवर, हनुवटीवर वाढलेल्या दाढीसारखे खरखरीत. मग पोटावर मऊ लव. माझ्या मशीनजवळ येऊन ती पडली की मी पायानं तिची कूस चाचपून बघायची, आज किती. संक्रांतीपर्यंत लांबून बघणाऱ्याला ती कुत्री दिसायला लागली. दोन्ही पिल्लंही आता तिच्याजवळ होती, भाकर कुस्करून खात होती.

मानेवर मात्र, जिथे पाणी ओतलं होतं तिथे, तळव्याएवढी जागा उघडीच राहिली. कातडी भाजल्यासारखी चकचकीत. तिथे बहुतेक येणार नाहीत, मॅडम म्हणाल्या.

सलीमभाईंनी त्यांचा डबा मागून परत नेला. आता गॅरेजवर कोणी कुत्र्यासाठी जळकं ऑइल मागायला आला की ते हातातला पाना ठेवून त्याला दवाखान्याचा रस्ता सांगतात. न ऐकणाऱ्याला आमच्या घरचा रस्ता सांगतात, जा, भाभीच्या तोंडून ऐक म्हणतात. असे दोघे-तिघे येऊन गेले. मी त्यांना पाणी देते, बसवते आणि मग पोटभर बोलते. त्यातल्या एकाची कुत्री पाजती होती. त्याला मी विचारलं, तिला खायला काय देतोस? किती? त्यालाही उत्तर देता आलं नाही. तुमच्या दारातल्या कुत्रीचे केस जात असतील तर औषधाचं नाव विचारत फिरायच्या आधी हे एक उत्तर शोधा. मग तिला दवाखान्यात न्या. लोक सरकून बसतील, बसू द्या.

गजाननही आला. नर गेले म्हणून हळहळला, म्हणाला, नशीब. दोन्ही पिल्लं अंगणात चपलेशी झटत होती, त्यांच्याकडे बघून म्हणाला, माद्या कोन नेईन? मी म्हटलं, कोणीच नेणार नाही, कारण मी देणार नाही. आणि नशीब नव्हतं गजाननभाऊ, तुमची टोपली होती, तिच्यानंच या दोघी वाचल्या. त्याला ते समजलं की नाही माहीत नाही. चहा न घेता गेला.

आता नवऱ्याचं. तो पूर्वीसारखा बांधावर बसतो, पण त्याच्या पायावर कोणी हनुवटी टेकत नाही. वावरातून आला की आधी आंघोळ करतो, कपडे बाहेर वाळत टाकतो, मग झिपरीची भाकर घेऊन जातो. ती उठून माझ्या मशीनखाली येते. तो भाकर ठेवतो, घरात निघून जातो, आणि तो आत गेल्यावर ती जाऊन खाते. रोज असंच चालतं. तो कंटाळला नाही, हे मी त्याच्या बाजूनं लिहून ठेवते.

परवा संध्याकाळी भाकर घेऊन तो ओट्यावर बसला आणि दोन्ही पिल्लं धावत त्याच्या अंगावर चढली. त्यांना काय माहीत? एक मांडीवर, एक शर्टाची बाही ओढते. कितीतरी दिवसांनी त्याचा चेहरा सुटला. तेवढ्यात झिपरी मशीनखालून उठली. भुंकली नाही, दात दाखवले नाहीत. त्याच्या समोर गेली, आणि तोंडानं ढकलत ढकलत एकीला, मग दुसरीला त्याच्यापासून दूर घेऊन आली. दोघींना माझ्या पायाशी बसवलं आणि त्यांच्या पुढे आडवी पडली. मानेवरची उघडी जागा त्याच्याकडे होती.

तो त्या जागेकडे बघत होता.

'इसरली नाई अजून,' म्हणाला.

'मीबी नाई,' मी म्हटलं.

मग उठले, त्याच्या हातातली भाकर घेतली, दुधात कुस्करली आणि झिपरीपुढे ठेवली. ती खाईपर्यंत मी, तो आणि दारातली याडी, तिघंही थांबलो. आमच्या घरात आता तिचं झाल्यावर ताटं वाढतात.